भयपटांमागच्या बायका : समाजमंदिरातल्या कार्यक्रमासाठी नावं आणि प्रयोग सुचवा

पळसपान
नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात वाचनालयातर्फे फेब्रुवारीत एका रात्रीचा कार्यक्रम ठरतोय. विषय : भयपट घडवणाऱ्या बायका. पांढरी साडी नेसून पडद्यावर फिरणाऱ्या नव्हेत, पडद्यामागच्या. समाजमंदिर, दोन तास, शे-दीडशे माणूस, त्यात अर्धी शाळकरी पोरं.

यादीत सध्या तीनच नावं आहेत : मिलिसेंट पॅट्रिक, डेब्रा हिल, आल्मा रेव्हिल. पूर्ण सिनेमा दाखवायचा नाही. तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणून डोक्यात असं आहे की त्या बाईनं नेमकं काय काम केलं ते तिथल्या तिथं करून दाखवायचं. तर आणखी कोणाची नावं हवीत? आणि कोणतं काम गावातल्या सामानात जमेल, कुठं फसेल? हार-तुरे नकोत, कामाचं सांगा.

तर्रीबाज
भुताच्या कार्यक्रमाला एवढी तयारी कायले? फीडर गेला की आपोआप होते ना बापा.

रिळांचा_डबा
मिलिसेंट पॅट्रिकपासून सुरू करा. नाव कसं गळतं ते तिच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४) मधल्या कल्लेवाल्या जलमानवाचं रूप तिनं कागदावर ठरवलं. त्याआधी ती डिस्नेत होती. 'फॅन्टेशिया'तल्या (१९४०) डोंगरमाथ्यावरच्या काळ्या दैत्याच्या प्रसंगावर तिनं काम केलंय. युनिव्हर्सलनं जलमानवाच्या प्रसिद्धीसाठी तिला अमेरिकाभर फिरवलं. जाहिरात आधी 'राक्षस घडवणारी सुंदरी' अशी होणार होती. मेकअप खात्याचा प्रमुख बड वेस्टमोर याला ते खपलं नाही, मग ती 'राक्षसासोबत राहणारी सुंदरी' झाली. दौऱ्यावरून परतल्यावर त्या खात्याचं दार तिला बंद. श्रेयनामावलीत नाव वेस्टमोरचं, कारण तेव्हा स्टुडिओत खात्याच्या प्रमुखाचंच नाव लागायचं.

असा पोशाख बनतो कसा तेही सांगा. चित्रावरून मातीचा पुतळा, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात फेसलेलं रबर भरून मंद आचेवर काही तास भाजायचं. आतून कच्चं राहिलं तर साच्यातून काढताना बसतं. जास्त भाजलं तर कडक होतं आणि कोपर-गुडघ्याशी तडकतं. प्रत्येक टप्प्याला माणूस वेगळा. डोकं ख्रिस म्युलरनं मातीत घडवलं, अंगाचा पोशाख जॅक केव्हनचा. म्हणजे सगळं तिनं एकटीनं केलं असंही ठोकून देऊ नका. पण पहिला कागद तिचा होता आणि नेमका तोच नावानिशी कुठं लागला नाही.

कापूसकोंडा
'दुर्लक्षित' हा शब्द जरा जपून. व्हर्ना फील्ड्सचं नाव कोणीतरी आणेलच, म्हणून आधीच सांगतो : शार्क माशाच्या 'जॉज'च्या (१९७५) संकलनासाठी तिला ऑस्कर मिळालं आणि पुढं ती युनिव्हर्सलमध्ये उपाध्यक्षही झाली. डेब्रा हिल तर 'हॅलोविन'ची (१९७८) निर्माती आणि सहलेखिका, नाव पडद्यावर आहे. हे कसलं दुर्लक्ष?

मोहफूल
@कापूसकोंडा, नाव पडद्यावर असणं आणि लोकांच्या तोंडी असणं यात फरक आहे. 'जॉज' म्हटलं की दिग्दर्शक आठवतो, दोन सुरांचं संगीत आठवतं, मोडका यांत्रिक मासा आठवतो. तो मोडका मासा खरा वाटायला लावणारी संकलक कोणाला आठवते? दिग्दर्शक स्पीलबर्गनंच सांगितलंय की मासा ३६ फ्रेमपर्यंत खरा वाटायचा, ३८ ला खोटा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम (चित्रं) जातात, तेव्हा दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. दिग्दर्शकाला शॉट सोडवत नाही, कारण तो घ्यायला आठ-आठ तास गेलेले असतात. संकलकाला त्या कष्टांशी देणंघेणं नसतं. कात्री तिनं लावायची.

हे करून दाखवायला एकदम सोपं. लगद्याचा मुखवटा करा (कृती खाली कोणीतरी लिहाच). मोबाइलवर त्याचा एक शॉट घ्या आणि त्याचे तीन तुकडे पाडा : अर्धा सेकंद, दीड सेकंद, तीन सेकंद. प्रत्येकाच्या आधी तेच अंधारं दार. अर्ध्या सेकंदात पोरांना काय दिसलं ते कळत नाही, तीन सेकंदात खळीच्या सुरकुत्या दिसतात. दीडच्या आसपास दचकतात. एक गोम आहे : सिनेमाच्या ३६ फ्रेम २४ च्या गतीनं दीड सेकंद होतात, पण मोबाइल बहुतेक ३० नं चित्रण करतो. तेव्हा ४५ फ्रेम मोजा, नाहीतर सेटिंगमध्ये आधीच २४ करून घ्या.

संत्रासाल
लगदा : रद्दी पेपर फाडून रात्रभर भिजवा, सकाळी पिळून कुटा. खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर हलवत राहा. त्यात चिमूटभर मोरचूद टाकला तर बुरशी-किडे लागत नाहीत, पण तो विषारी. पोरं हात घालणार असतील तर मोरचूद नकोच, त्याऐवजी ताजी खळ करा. फुगवलेल्या फुग्यावर किंवा उपड्या घमेल्यावर कागदाच्या पट्ट्यांचे चार थर. दोन थरांनंतर वाळू द्या, मग पुढचे दोन. सगळे एकदम चढवले की वरून वाळते, आत ओलं राहते अन् तिसऱ्या दिवशी नाक खाली येते. कल्ले वेगळे कापून शेवटी चिकटवा.

तर्रीबाज
नाक खाली आलं तर आणखीच भेव वाटन ना. राहू द्या तसंच.

नदीपल्याड
सगळी नावं अमेरिकेतलीच चाललीत. इथलं मोठं उदाहरण समोर पडलंय : 'महल' (१९४९). 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ते मधुबालाच्या पात्राचं नाव! रेडिओवर गाणं गाजलं, लोक विचारायला लागले ही कामिनी कोण, तेव्हा आकाशवाणीनं तबकडीच्या कंपनीकडून नाव मिळवलं : लता मंगेशकर. आपल्याकडच्या भुताळी सिनेमांचा आवाज तिथून सुरू झाला म्हटलं तरी चालेल, आणि तबकडीवर नाव होतं भुताचं.

त्यातलं तंत्र बघा. आवाज लांबून जवळ येतो, तो बटण फिरवून नाही. माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात चालत आल्या.

ध्वनीगोंधळ
@नदीपल्याड, क्या बात. हा प्रयोग समाजमंदिरात नक्की करा, पण मोबाइलवर जसाच्या तसा केलात तर हमखास पडेल. कारण सांगतो.

अंतर कानाला दोन गोष्टींनी कळतं. एक, आवाजाची पातळी : उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : तोंडातून थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज यांचं प्रमाण. लांबून भिंतीच जास्त ऐकू येतात, जवळून ओठ. म्हणूनच नुसता आवाज हळूहळू मोठा केला तर 'कोणीतरी रेडिओ वाढवला' असं वाटतं, 'कोणीतरी येतंय' असं वाटत नाही.

मोबाइलचं साधं रेकॉर्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज, दोन्ही बारीक आवाज आपोआप वर ओढतात आणि मोठा खाली दाबतात. म्हणजे तुम्ही पंचवीस फुटांवरून चालत आलात तरी पातळी तीच. ज्या अ‍ॅपमध्ये गेन (माइकनं आवाज किती उचलायचा ते) हातानं ठरवता येतो ते घ्या. गेन लावायचा तो शेवटच्या जागेवर, म्हणजे माइकपासून एक फुटावर उभं राहून सर्वात वरच्या सुरात. तिथं लाल दिवा लागता कामा नये, वर थोडी मोकळी जागा सोडा. मग कोपऱ्यात जाऊन सुरुवात करा. सुरुवात फार बारीक वाटेल. वाटू द्या, गेनला हात लावू नका.

बाकीचं : पंखे बंद. पाय अनवाणी, पैंजण काढून. गाणारीनं तोंड माइककडेच ठेवायचं, पायाकडे पाहत चालली तर आवाज बुजतो. समाजमंदिराला सिमेंटच्या भिंती आणि वर टिनाचं छत असेल तर घुमणं जरा जास्तच होईल. मागच्या भिंतीला दोन सतरंज्या टांगा, पण चारही भिंती झाकू नका, नाहीतर लांबपणच मरेल. आधी चालत रेकॉर्ड करा, मग एका जागी बसून गात बटण फिरवून करा, आणि दोन्ही लागोपाठ ऐकवा. गाणं कोणतंही चालेल, भुलाबाईचं घ्या.

रिळांचा_डबा
आवाजाच्या खात्यात मर्सिडीज मॅकेंब्रिज विसरू नका. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मधल्या सैतानाचा आवाज तिचा. घसा खरखरीत राहावा म्हणून कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू प्यायली, आवाजात धडपड यावी म्हणून स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. सिनेमा लागला तेव्हा तिचं नावच नव्हतं. तिनं भांडून घेतलं, मगच पुढच्या प्रतींवर आलं.

तर्रीबाज
हा प्रयोग करून दाखवा म्हणा समाजमंदिरात. अर्धं गाव आधीपासून तयारीत असते.

पळसपान
@तर्रीबाज, पोरं आहेत हो कार्यक्रमाला. तो प्रयोग बाद, नाव आत.

@ध्वनीगोंधळ, टिनाचं छतच आहे. दोन सतरंज्या लिहून घेतल्या. आल्मा रेव्हिलचं काय करता येईल?

मोहफूल
आल्मा म्हणजे हिचकॉकची बायको, पण ती आधी संकलक होती आणि सिनेमाच्या धंद्यात त्याच्याआधीपासून. 'सायको'ची (१९६०) प्रत जवळजवळ तयार झाल्यावर तिनं दाखवून दिलं की न्हाणीघरात मेलेली जेनेट ली मेल्यावरही आवंढा गिळते. कोणी श्वास म्हणतं, कोणी पापणी. ते काहीही असो, बाकी कोणाच्या नजरेला ते पडलं नव्हतं. चाकूचा तो प्रसंग पाऊण मिनिटाचा, त्यात पन्नासेक कट. तेवढ्यात एक गिळणं सापडणं म्हणजे नजर कसली असेल.

खेळ असा : एकाला 'मेलेला' म्हणून आडवं करा, तोंडावर बाजूनं टॉर्च, मोबाइल तिवईवर, चित्र थेट पडद्यावर. प्रेक्षकांनी जिवंतपणा दिसला की हात वर करायचा. पोरं दहा सेकंदांत पकडतील. गळ्याची नाडी, आवंढा, पापणीची थरथर, या क्रमानं सापडतं. मग सुधारा : मान वळवून गळा सावलीत घ्या, श्वास पूर्ण भरून धरायचा नाही, अर्धा सोडून धरायचा, नाहीतर छाती वर राहते, डोळे उघडे हवे असतील तर छतावरचा एक ठिपका आधीच पकडून ठेवायचा, शॉट सहा-सात सेकंदांवर न्यायचा नाही. तरी चुकलंच तर मध्ये दुसरा शॉट टाकून झाकायचं. काहीजण चित्र गोठवतात. मागं पडदा हलत असेल किंवा माशी बसली असेल तर तीही गोठते आणि पितळ उघडं पडतं.

वैनगंगाबाई
मध्येच वेगळं बोलते, राग मानू नका. आपल्या भागात 'जादूटोणा करते' म्हणून बाईला मारझोड होते, गावाबाहेर काढतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला. अशा ठिकाणी 'बाई आणि भूत' असा फ्लेक्स लावाल तर अर्धी माणसं भलताच अर्थ काढून येतील. एखाद्या म्हातारीकडं बोट दाखवून हसणारी पोरंही असतील.

म्हणून दोन सूचना. फ्लेक्सवर मुखवट्याचा फोटो नको, काम करणाऱ्या बायकांची नावं आणि त्यांचं खातं लिहा : संकलन, आवाज, आरेखन, निर्मिती. दुसरं, आधी घाबरवून मग युक्ती सांगायची नाही. युक्ती आधी उघडी करा, मग घाबरवून दाखवा. कळून-सवरून दचकायलाही मजा येते, आणि 'बाईच्या अंगात आलं होतं' असं म्हणत कोणी घरी जात नाही.

कापूसकोंडा
हे बाकी पटलं. फक्त युक्ती आधी सांगितली की मोहफूल यांचा दीड सेकंद कसा चालणार?

मोहफूल
चालतो. दचकणं डोळ्याआधी अंगात होतं, माहीत असलं तरी होतं. उलट पोरं 'आता येणार, आता येणार' म्हणून आणखी ताणून बसतात. फक्त अंधारं दार दर वेळी वेगळ्या लांबीचं ठेवा. सारखंच ठेवलं की तिसऱ्यांदा टाळीवर दचकतील.

रिळांचा_डबा
व्हर्ना फील्ड्सचं अजून एक आहे. 'जॉज'मध्ये बुडालेल्या होडीच्या भगदाडातून मच्छीमाराचं मुंडकं बाहेर येतं, तो शॉट समुद्रात नाही घेतला. चित्रण संपल्यावर तिच्याच घरच्या पोहण्याच्या तलावात घेतला. तलावाचं पाणी स्वच्छ, समुद्राचं गढूळ; जुळावं म्हणून पाण्यात दुधाची पावडर टाकली.

काचेच्या मत्स्यपात्रात होईल हे. दोन फूट लांब, फूटभर रुंद-उंच पात्रात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. पावडर कपभर पाण्यात आधी घोळवून घ्या, कोरडी टाकली की गुठळ्या तरंगतात. पाव चमच्यानं सुरुवात, ढवळून पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा पाव. एक-दीड चमच्यात मागची काच दिसेनाशी होते, तिथं थांबा. जास्त झालं तर पाणी काढून पुन्हा भरण्यावाचून इलाज नाही. उजेड कॅमेऱ्याच्या बाजूनं मारू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते, धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावल्यासारखी. टॉर्च बाजूनं किंवा वरून. मागं काळं कापड. मातीचं मुंडकं दोऱ्यानं धुक्यातून काचेकडं ओढायचं. कच्ची माती विरघळते, भाजलेली घ्या. कार्यक्रम झाला की पाणी लगेच ओता, सकाळपर्यंत वास मारेल. आणि विहिरीत वगैरे प्रयोग नकोत, कृपा करून.

संत्रासाल
रक्ताचं कोणीच नाही बोललं? 'सायको'त चॉकलेटचा पाक होता, कारण सिनेमा काळा-पांढरा. रंगीतसाठी : एक वाटी साखरेचा एकतारी पाक गार करून, खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा, कोको पाव चमचा, निळ्या रंगाचा एकच थेंब. निळा नाही टाकला तर एलईडीच्या उजेडात शरबतासारखं गुलाबी दिसते. पाक गरम असताना रंग टाकू नका, पातळ समजून जास्त पडतो. कपड्याचा डाग जात नाही, अन् मुंग्या वीस मिनिटांत हजर.

तर्रीबाज
एवढं कायले, सावजीची तर्री आणा. रंगही तोच, रडूही खरं येते.

नदीपल्याड
इकडची आणखी दोन नावं घ्या. 'तुंबाड'च्या (२०१८) संकलक संयुक्ता काझा. नारायण धारपांच्या गोष्टीवरून स्फुरलेला सिनेमा म्हणून मराठी वाचक त्याला आपला मानतात, पण कात्री कोणाची ते विचारा आणि गंमत बघा. दुसरं, 'बुलबुल' (२०२०), लेखन-दिग्दर्शन अन्विता दत्त. त्यात चेटकिणीच्या नजरेनंच गोष्ट आहे, वैनगंगाबाईंच्या मुद्द्याला धरून बोलता येईल.

आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही दोन शब्द हवेत. तुमच्याकडं हंगामात रोज कुठं ना कुठं नाटक. पत्रकावर नटीचा फोटो ठळक, कारण तिच्या नावावर गर्दी होते. रंगभूषा, कपडेपट कोणी केला ते शोधा.

रिळांचा_डबा
वेळ उरला तर : 'सस्पिरिया' (१९७७) दारिया निकोलोदीनं दिग्दर्शक दारिओ अर्जेंटोबरोबर लिहिला. 'द शायनिंग'चं (१९८०) सुरुवातीचं संगीत वेंडी कार्लोस आणि रेचल एल्किंड यांचं. दोघींनी केलेलं बरंचसं वापरलंच गेलं नाही. आणि पार मागं जायचं तर अ‍ॅलिस गी हिनं १९१३ मध्येच एडगर अ‍ॅलन पो यांच्या भयकथेवर सिनेमा केला होता. दोन तासांत हे सगळं कोंबू नका.

मोहफूल
डेब्रा हिलचा प्रयोग राहिला. 'हॅलोविन'ची गोष्ट ऑक्टोबरची, चित्रण कॅलिफोर्नियात वसंतात. पानगळ कुठून आणायची? कागदाची पानं पानगळीच्या रंगात रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात, पुढच्या रस्त्यावर पुन्हा तीच. निर्मातीला हेही बघावं लागतं, खर्च जेमतेम सव्वातीन लाख डॉलर होता. पोरींचे आपसातले संवाद तिनं लिहिले. आणि पहिल्याच प्रसंगात चाकू उचलणाऱ्या पोराचे हात दिसतात, ते तिचे.

तुमच्याकडं फेब्रुवारीत सागाची पानं फुकट पडलेली असतात. दोन पोती आणा, समाजमंदिराच्या दारात पसरा, एकाला अंधारात हळू चालायला लावा. सागाचं पान एवढं वाजतं की वेगळं ध्वनिमुद्रण नको. फक्त दव पडायच्या आत करा. ओलसर पान वाजत नाही.

ध्वनीगोंधळ
म्हणजे पानांचा प्रयोग पहिला घ्या, गाण्याचा नंतर. आणि विजेचं बघितलंय का? प्रोजेक्टर ३०० वॉट, स्पीकर १००, धरा ४००. घरगुती इन्व्हर्टरची १५० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, पण निम्म्याखाली उतरवली तर बॅटरीचं आयुष्य जातं. हाताशी ९०० धरा, त्यात इन्व्हर्टर थोडं खातो. दोन तास कसेबसे. बॅटरी जुनी असेल तर सव्वा तास. मत्स्यपात्राचा प्रयोग टॉर्चवर आहे, तो लाइट जाण्यासाठी राखून ठेवा.

पळसपान
सगळ्यांचे आभार. क्रम असा लावतोय : सागाची पानं (डेब्रा हिल), मेलेला माणूस (आल्मा रेव्हिल), दीड सेकंद (व्हर्ना फील्ड्स), मुखवटा हातोहात फिरवत मिलिसेंट पॅट्रिक, मग 'महल'चं चालत येणं. दूध-पाणी राखीव. संयुक्ता काझा, अन्विता दत्त आणि मर्सिडीज मॅकेंब्रिज यांच्यावर बोलणं. फ्लेक्स सहा बाय चार, त्यावर नाव आणि खातं, चित्र नाही. मिलिसेंटच्या नावापुढं 'जलमानवाचं आरेखन' एवढंच, पोशाख केव्हन आणि म्युलर यांचा हे तोंडी सांगू.

कापूसकोंडा
व्हर्ना फील्ड्सपुढं 'ऑस्कर' लिहा हं. नाहीतर गावातलं कोणीतरी उठून तेच विचारेल जे मी विचारलं.

वैनगंगाबाई
आणि तारीख पक्की करायच्या आधी वडसाला (झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या तिथल्याच) फोन करून जवळपास नाटक कुठं लागलंय ते विचारा. शेजारच्या गावात नाटक असलं तर तुमच्या समाजमंदिरात फक्त ती सागाची पानं राहतील.

तर्रीबाज
अन् शंकरपटाचीही (बैलांच्या शर्यतीची) तारीख पाहा ना ताई. नाटक तर त्याच रात्री असते.